विठाबाईचा पहिला बाइट

९ एप्रिल २०२५
अंबरनाथ पूर्व

प्रिय प्रज्वल,
जय भीम.

हे पत्र तुझ्या घरच्या पत्त्यावर रजिस्टर करते आहे. ऑफिसात पाठवलं असतं तर तुझ्या सेक्रेटरीनं उघडलं असतं, आणि बातमीमागे पैसे मिळणारी अंबरनाथची स्ट्रिंगर यशोधरा ही सरांची सख्खी मोठी बहीण आहे हे तिला कळलं असतं. ते कुणाला कळू नये, असं तू चॅनेलचा संपादकीय प्रमुख झालास त्याच आठवड्यात मला बजावलं होतंस. मी पाळलं. तीन वर्षं ग्रुपवर तुला ‘सर’ म्हणते. मेसेज पाठवला तर दोन निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. म्हणून कागद.

कामाचं सांगते. गेल्या वर्षी अकरा जूनला इथल्या एका रंगाच्या कारखान्यात टाकी साफ करायला उतरलेला एक कंत्राटी कामगार गुदमरून मेला. हरेश. सव्वीस वर्षांचा, बदलापूर गावातला. त्याच्या आईचं नाव विठाबाई. तुला आठवायचं कारण नाही. तुझ्या चॅनेलवर ती अकरा सेकंद होती.

त्या दिवशी सगळ्यांच्या आधी मी तिच्या घरी पोचले. पोराचं शव अजून पोस्टमॉर्टेमला होतं. बाई दारातल्या खुर्चीवर बसली होती, रडत नव्हती. मी माइक धरला आणि ती बोलायला लागली. दुपारी हरेशनं तिला फोन केला होता. मास्क देत नाहीत, दोरी देत नाहीत, मी उतरत नाही म्हटलं तर जनू म्हणतो नाही उतरलास तर उद्यापासून येऊ नकोस, असं त्यानं सांगितलं होतं. जनू म्हणजे कामगार पुरवणारा ठेकेदार, त्यांच्याच भावकीतला. चार मिनिटं ती बोलली. नाव, वेळ, सगळं. मी तो बाइट लगेच डेस्कला पाठवला.

पाच मिनिटांत डेस्कचा फोन. बाइट रिजेक्ट. का, तर माझ्या माइकवर जुन्या लोगोचा लाल ठोकळा होता. त्याच सकाळपासून तुझा नवा निळा ठोकळा लागू झाला होता आणि लाल दिसला तर काहीच चालवायचं नाही असा तुझा हुकूम होता. माझा निळा ठोकळा कुरिअरवाल्याकडे कल्याणला पडून होता. तो घेऊन मी परत बदलापूर गावात गेले आणि त्याच खुर्चीवर बसवून विठाबाईला पुन्हा बोलायला लावलं. दुसऱ्या वेळी ती थोडंच बोलली. माझा पोरगा गेला, मला न्याय पाहिजे, एवढंच. तेच चाललं.

आता उल्हासनगरच्या कोर्टात जनूवर केस उभी आहे. पोलिसांनी विठाबाईचा जबाब घेतला तो तीन दिवसांनी. त्यात तिनं सगळं सांगितलंय. पण जनूचा वकील तुझ्या चॅनेलची क्लिप घेऊन आलाय. म्हणतो, मुलगा गेला त्याच दिवशी आई टीव्हीवर बोलली, तेव्हा ना ठेकेदाराचं नाव घेतलं ना मास्कचं, मग तीन दिवसांत हे कुठून आलं? भरपाईसाठी कुणीतरी पढवलं.

फोन झाल्याची नोंद आहे, पण फोनवर काय बोलणं झालं ते फक्त तिला माहीत. आणि ते तिनं त्याच दिवशी, काही तासांत, माझ्या कॅमेऱ्यापुढे सांगितलं होतं. माझ्याकडचं मेमरी कार्ड मी रोजच्यासारखं त्याच संध्याकाळी पुसलं. डेस्कवरचा आकाश सांगतो की रिजेक्ट झालेल्या फाइली वर्षभर सर्व्हरवर असतात. म्हणजे अकरा जूनपर्यंत. ती काढायला आणि ती खरी असल्याचा दाखला द्यायला तुझी सही लागते.

एक सही, प्रज्वल. जास्त काही मागत नाही.

चौदा तारखेच्या जयंतीला येशील का, असं आई विचारते. मी म्हटलं, विचारून बघते.

यशोधरा


२६ एप्रिल २०२५

प्रज्वल,

तुझ्या वकिलांचा मेल मिळाला. ‘अप्रसारित चित्रण ही कंपनीची अंतर्गत मालमत्ता असून त्याबाबत कोणतीही बांधिलकी नाही.’ खाली नाव नाही, फक्त ‘विधी विभाग’. बहिणीला उत्तर द्यायला विभाग लागतो, हे बरं समजलं.

जयंतीला तू आला नाहीस. आईनं पांढरी साडी नेसून सकाळपासून दाराकडे डोळे लावले होते. मग म्हणाली, त्याच्यावर केवढी जबाबदारी, एवढा मोठा चॅनेल. दिवसभर तिच्या खोलीत तुझाच चॅनेल चालू असतो. तुझं तोंड त्यावर कधी दिसत नाही, तरी बघते. म्हणते, हे सगळं माझ्या प्रज्वलनं मांडलेलं आहे.

ती चूक बोलत नाही. सगळं तूच मांडलेलं आहेस.

उल्हासनगर कॅम्प एकमधली ती केबलवाल्याची माडी आठवते? मी बातम्या वाचायचे आणि तू माझ्या तोंडावर दिवा धरायचास. अकरावीत होतास. वाल्मिकी गल्लीतला नळ फुटला तर आपण नळाची बातमी द्यायचो, गल्लीचं नाव, नळाचा नंबर, आणि ज्या बाईनं तक्रार केली तिचं पूर्ण नाव. केबलवाला साई म्हणायचा, ‘बेटा, नाम पूरा बोलो, नाम सुनके ही आदमी टीवी के सामने बैठता है.’ लोक आपलं नाव ऐकायला बसायचे. तू हे पाहिलेलं आहेस. म्हणून तुझा राग येतो. ज्याला ठाऊकच नाही त्याच्यावर कोण रागावतं?

तू प्रमुख झाल्यावर पहिल्याच मीटिंगला तो आलेख दाखवलास. मिनिटामिनिटाला किती लोक चॅनेल सोडून जातात त्याचा. गावाचं नाव आलं की रेघ खाली येते. अनोळखी माणसाचं नाव आलं की अजून खाली. लगेच नियम निघाला. बदलापूर म्हणायचं नाही, अंबरनाथ म्हणायचं नाही, ‘मुंबईजवळ’ म्हणायचं. सामान्य माणसाच्या बाइटमध्ये नाव-गाव नको. बाइट बारा सेकंदांच्या आत. त्यात भावना हवी, तपशील नको, तपशील अँकर सांगेल. अँकर कधी सांगत नाही, कारण तेवढ्यात चर्चा सुरू होते. ठाणे जिल्ह्याचं ऑफिस तू बंद केलंस, तिथले रिपोर्टर चर्चेचे पाहुणे जमवायला लावलेस आणि आम्ही स्ट्रिंगर उरलो.

चॅनेल बुडत होता, तू वर काढलास, हे मी नाकारत नाही. आमची बिलंही तुझ्या काळात वेळेवर येतात. तुझ्याबद्दल वाईट बोलणारा मला चॅनेलमध्ये कुणी भेटत नाही. पण वर्षभरात तुझ्या चॅनेलवर बदलापूरचा एकही माणूस नावासकट मेला नाही, हे तुला माहीत आहे का? मेले खूप. नावासकट एकही नाही.

फाइल अजून तिथेच असेल. अकरा जूनला दीड महिना आहे. मी विधी विभागाला लिहीत नाही, तुला लिहिते आहे.

यशोधरा


१८ मे २०२५

प्रज्वल,

फोन केलास, बरं वाटलं. आधी आईशी पाऊण तास बोललास आणि मग तिलाच फोन माझ्याकडे द्यायला सांगितलंस, म्हणजे तिच्यासमोर मी आवाज चढवणार नाही. हिशेब बरोबर होता. मी चढवला नाही.

तू म्हणालास, “ताई, किती वर्षं उन्हात स्कूटी फिरवणार? जिल्हा समन्वयक करतो तुला. घरून काम, महिन्याचा पगार. पोरांना पाठवायचं, तू फक्त बघायचं.”

मी विचारलं, “आणि फाइल?”

तू म्हणालास, “ती बघू. आत्ता ते नको काढूस.”

खोटं कशाला बोलू, मी दोन दिवस त्यावर विचार केला. माझे गुडघे गेलेत. माझ्या वैष्णवीच्या लग्नात पाच माणसं विचारतील, तिची आई करते काय, तर पगारदार आहे असं सांगता आलं असतं. मी आरशासमोर उभी राहून ‘जिल्हा समन्वयक’ असं एकदा म्हणूनही पाहिलं. मग मोबाइलवर विठाबाईच्या वकीलबाईंचा मेसेज आला, विठाबाईची उलटतपासणी झाली. जनूच्या वकिलानं कोर्टात तुझी क्लिप तीनदा लावली. तिसऱ्या वेळी तिला विचारलं, ही तुम्हीच ना? ती हो म्हणाली. मग हे शब्द तुमचेच ना? ती गप्प राहिली. न्यायाधीशांनी गप्प राहिल्याची नोंद केली.

ती गप्प का राहिली ते मला माहीत आहे. तुला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मी ते लिहिलं नाही.

मी लिहिलं होतं की दुसऱ्या वेळी ती थोडंच बोलली. तसं नाही झालं. दुसऱ्या वेळीही ती तेच सगळं सांगायला लागली होती. फोन, मास्क, जनू. मीच हात वर करून थांबवलं. म्हटलं, मावशी, एवढं चालत नाही, नाव घेतलं तर लावणारच नाहीत. थोडक्यात बोला. ती म्हणाली, थोडक्यात म्हंजे कसं? तेव्हा मी तिला वाक्य दिलं. माझा पोरगा गेला, मला न्याय पाहिजे. दोनदा म्हणून दाखवलं. पहिल्यांदा ती ‘न्याय’वर अडखळली म्हणून परत घेतलं. अकरा सेकंद झाले. मी खूश झाले, प्रज्वल. बाहेर येऊन स्कूटीवर बसताना मला वाटलं, चला, काम झालं.

तर ते शब्द तिचे नाहीत. माझे आहेत. आणि माझेही कुठले, तुझे आहेत. तू मीटिंगमध्ये नमुन्याची वाक्यं छापून दिली होतीस, त्यातलं ते दुसरं होतं.

माझी चूक मी मान्य करते. मला कुणी बंदूक लावली नव्हती. पण ती चार मिनिटं अजून तुझ्याकडे आहेत, आणि एका बाईला कोर्टात खोटी ठरवायला तुझाच चॅनेल वापरतायत. नोकरी तुझी तुला राहू दे. फाइल दे.

ताई


६ जून २०२५

मा. संपादकीय प्रमुख यांस,

आकाशनं काल कल्याण स्टेशनबाहेर भेटून सांगितलं. फोनवर सांगायला घाबरत होता. फाइल नाही. नुसती ती नाही असं नाही, सहा महिन्यांपेक्षा जुन्या सगळ्या रिजेक्ट फाइली नाहीत. सर्व्हरवर जागा कमी पडते म्हणून वर्षाची मुदत सहा महिन्यांवर आणली. तसा मेल सगळ्या डेस्कला गेला, तुमच्या नावानं. त्यानं मला मेल दाखवला. तारीख पंधरा एप्रिल.

माझ्या पहिल्या पत्राची पोचपावती माझ्यासमोर आहे. त्यावर सही बारा एप्रिलची. तुझ्या बायकोची सही आहे, ओळखते मी.

म्हणजे दहा महिने ती चार मिनिटं सर्व्हरवर निवांत पडून होती. कुणाला त्यांची आठवण नव्हती. मी तुला लिहिलं, तारीख घालून, कुठल्या दिवशीची फाइल, कुणाचं नाव त्यात आहे, कधीपर्यंत राहणार, सगळं व्यवस्थित लिहिलं. भाऊ आहे म्हणून. वकीलबाई पहिल्या दिवसापासून म्हणत होत्या की कोर्टातून आदेश काढू, थेट चॅनेलला नोटीस जाऊ दे. मीच म्हटलं, नको, कशाला, घरातलंच माणूस आहे, एका पत्रात होईल. मी पत्र लिहिलं नसतं तर आज फाइल असती.

हे कळल्यावर मी तुला फोन केला. या वेळी उचललास. म्हणालास, “ताई, योगायोग आहे. सर्व्हरचं काम फेब्रुवारीपासून चाललं होतं. आणि त्या कारखान्याची जाहिरात आपल्याकडे येते असं जे तुझ्या डोक्यात आहे ना, ते काढून टाक. येत नाही.”

ते माझ्या डोक्यात नव्हतंच. मी तपासलं, खरंच येत नाही. कुणी तुला फोन केला नसेल, कुणी दाबलं नसेल. तू फक्त एवढं पाहिलंस की कोर्टात उद्या दोन बाइट शेजारी शेजारी लागतील, एक चार मिनिटांचा आणि एक अकरा सेकंदांचा, आणि लोक विचारतील की हे कापतं कोण. तुझा आलेख, तुझे नियम, तुझी नमुन्याची वाक्यं, सगळं उघड्यावर येईल. तेवढ्यासाठी एका पोराच्या मरणाचा पुरावा पुसलास. पैसे खाऊन पुसला असतास तर मला कमी वाईट वाटलं असतं, निदान समजलं तरी असतं.

किंवा खरंच योगायोग असेल. मी रात्रंदिवस घोकून पाहिलं, मला तसं मानता येत नाही. आईला मी काही सांगितलेलं नाही. तिच्या खोलीत आवाज चालू आहे.

यशोधरा


२२ जून २०२५

प्रज्वल,

काल बदलापूर गावात जाऊन आले. विठाबाईला सांगणं भाग होतं.

त्यांच्या घरासमोर आता एक टॉवर उभा राहतोय, दारात उजेड येत नाही. बाई आत तांदूळ निवडत बसली होती. मी सांगितलं की तुमचं पहिलं बोलणं आता कुठंच नाही. पुसलं गेलं. तिनं सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं, रडेल किंवा मला हाकलेल. दोन्हीची तयारी करून गेले होते.

ती उठली. तोंडावरून पाण्याचा हात फिरवला, पदर नीट केला, आतली खुर्ची ओढत दारात आणली आणि बसली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “मंग परत बोलू काय? कुठं बघू?”

तिला वाटलं होतं मी त्यासाठीच आलेय. परत काहीतरी चुकलं, परत घ्यायचं. प्रज्वल, त्या बाईच्या चेहऱ्यावर जराही तक्रार नव्हती.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सांगितलं की तुम्हाला कोर्टात ज्यावरून छळलं ते वाक्य माझं होतं. मी तुम्हाला शिकवलं. तुम्ही नाव घेत होतात, मी घेऊ दिलं नाही.

ती म्हणाली, “ठावं हाय मना. तूच सांगितलास तसा बोलली मी. मना वाटला, तू टीवीची बाई, तुला ठावं असंल, कसा बोल्ला म्हंजे माजे पोराचा काम व्हईल.”

मग तिनं विचारलं, “कोर्टान मी का नाय सांगितला ते, तुला ठावं हाय?”

मी म्हटलं, नाही.

“वकील बोलला, हे शब्द तुमचेच ना. मी बोलली असती, नाय, त्या बाईनं शिकवला, तं तुजी नोकरी गेली असती. तू आमचे घरान दोनदा आली व्हतीस. पोलीस बी दोनदा नाय आलं.”

मला नोकरी नाही, मी रोजच्या बातमीवर जगते, हे मी तिला सांगितलं नाही. माझ्यासाठी ती बाई न्यायाधीशापुढे खोटी ठरली. तुझ्यामाझ्या घरात कुणी कुणासाठी एवढं केलं असेल तर मला आठवत नाही.

त्यानंतर ती बोलली. हरेशचा फोन, मास्क, जनू, आणि त्याच्याआधीचंही बरंच. तो लहानपणी खाडीत पोहायला शिकला ते. बापाची मिठागरातली मजुरी. जनूच्याच आईनं हरेशला अंगावर पाजलं होतं, कारण हिला दूध नव्हतं, ते. हे मला गेल्या वर्षी माहीत नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी कापलंच असतं. किती वेळ झाला ते मी बघितलं नाही. मोबाइल पर्समध्येच होता. अठरा वर्षं या धंद्यात आहे, पण समोरचं माणूस आपणहून थांबेपर्यंत मी पहिल्यांदाच ऐकत बसले.

परतताना वकीलबाईंकडे गेले. माझं प्रतिज्ञापत्र तयार झालंय. पहिल्या वेळी ती काय बोलली ते त्यात आहे, मला आठवतं तसं. दुसऱ्या वेळी मी काय शिकवलं तेही. ते वाक्य कुठल्या कागदावर छापलेलं होतं, तो कागद कुणाच्या सहीनं निघाला, आणि फाइल पुसायचा मेल कुठल्या तारखेला गेला, हे सगळं आहे. आकाश साक्षीला येत नाही म्हणाला, त्याचं घर आहे, मी समजू शकते. वकीलबाई म्हणाल्या, फाइल नसल्यामुळे जनूचा वकील तुम्हालाही खोटं पाडेल. म्हणेल, एकदा बाईच्या तोंडात शब्द घातले ते या वेळीही घातले नसतील कशावरून? मी म्हटलं, बरोबरच विचारेल.

केस जाईल, असं त्यांना वाटतं. मलाही वाटतं.

साक्ष आठ जुलैला आहे. तू तुझे वकील पाठवशील हे धरून चालले आहे. पहिल्या पत्रानं मी फाइल घालवली, म्हणून हे पाचवं पाठवू नये असं वकीलबाईंनी मला निक्षून सांगितलं. तरी पाठवते. यातलं एक एक वाक्य तुझ्या वकिलांना वाचून दाखव, पाहिजे तर विधी विभागाला प्रत दे. तुझ्यापासून वाचवायचं असं माझ्याकडे आता काहीच राहिलेलं नाही.

यशोधरा